बंबाचं तोंड

दशलक्षणाला मुलगा चार दिवस घरी आला होता. आल्या आल्या कपड्यांची बॅग माझ्या पुढ्यात ओतायची, ही त्याची हॉस्टेलपासूनची रीत. बंगळूरला नोकरी लागली तरी सुटलेली नाही. मशीनला टाकण्याआधी खिसे चाचपायची माझी सवय. एकदा पाचशेच्या नोटेचा लगदा झाला होता, तेव्हापासूनची. जीन्सच्या खिशात बोटाएवढी, चपटी, फिक्या हिरव्या रंगाची वस्तू लागली. मला वाटलं पेन ड्राइव्ह. पण हाताला आंब्याचा वास आला. भाद्रपदात कुठला आंबा?

उलटीसुलटी करून बघितली. तळाला बारीक भोक होतं आणि त्यावर जखमेला लावतो त्या चिकटपट्टीचा तुकडा. पट्टीलाही सुईनं टोचलेलं आणखी बारीक भोक. वस्तू कसली ते कळलंच नव्हतं, पण ती पट्टी मात्र बघितल्याबरोबर ओळखीची वाटली.

माझं माहेर निपाणीच्या बाजूचं. न्हाणीत तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत शेणकूट, नारळाच्या शेंड्या, तुरीच्या काटक्या टाकायच्या. खाली जाळी, आणि जाळीखाली राख पडायला तोंड. त्या तोंडातून वारा आत शिरतो म्हणून जाळ धरतो. सकाळी बंब पेटवायचं काम दहा वर्षांची असताना माझ्याकडं आलं. सारखं उठून जळण घालायचा कंटाळा. म्हणून मी कौलाचा तुकडा त्या तोंडाला आडवा लावायची, बोटभर फट ठेवून. जळण पुरायचं, पण न्हाणीभर धूर. आईचं ओरडणं यायचं, “कौल काढ गं! कोंडलास की जाळ!” कुठवर सरकवलं म्हणजे धूर होत नाही आणि जळणही पुरतं, हे मी महिनाभरात शिकले. कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हा पट्टी ही कौल आहे एवढं कळलं. जाळ कुठला, ते विचारायचं राहिलं.

आम्ही सूर्यास्ताआधी जेवतो. जेवून तो गच्चीवर गेला, मी मागोमाग. हात पुढं करून वस्तू दाखवली. तो लाल झाला, मग म्हणाला, “आई, सिगारेट नाही ही. धूर नसतो, वाफ असते.”

“कशी चालते, सांग.”

रागावण्याची तयारी करून बसलेल्या पोराला हे अनपेक्षित असावं. सांगत गेला. तोंडानं ओढलं की आतला हवेचा दाब उतरतो, एक सेन्सर ते ओळखतो आणि बॅटरी चालू होते. तारेचं वेटोळं तापतं. त्याला लागून कापूस, कापसात रस; ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, वासाचा अर्क आणि निकोटीन. भोकातून आलेली हवा ती वाफ वर घेऊन येते. भोक मोठं असलं तर वाफ सैल आणि गार. लहान केलं तर दाट, ऊन, घशाला लागणारी, सिगारेटसारखी. महागाच्या यंत्रांना हवा कमीजास्त करायची फिरती कडी असते, ह्याला नाही, म्हणून पट्टी. त्याचा एक मित्र उलट टाचणीनं भोक वाढवतो म्हणे.

“टाचणी आतल्या बॅटरीला लागली तर?”

तो काही बोलला नाही.

“आणि फार कोंडलं तर कापूस करपत असेल.”

“करपतो,” तो म्हणाला. “तुला कसं माहीत?”

मी त्याला बंब सांगितला. तो हसला. मीही हसले असते, पण २०१९ पासून आपल्या देशात ही वस्तू बनवायला, आणायला, विकायला, साठवायलासुद्धा बंदी आहे, हे मी वाचलं होतं. विकणाऱ्याला पहिल्याच वेळी वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. ते सांगितलं. मग म्हणाले, सकाळी बस्तीत व्यसनांवर ऐकलंस ना?

“ऐकलं. सप्तव्यसनांत तंबाखू कुठाय?” आणि मग हळूच, “असती तर आजोबांचं कसं झालं असतं?”

खरं होतं ते. जुगार, मांस, मद्य, वेश्या, शिकार, चोरी, परस्त्री. सातांत तंबाखू नाही. आमच्या अण्णांनी आयुष्यभर सुपारीच्या खांडाला दात लावला नाही, पण शेतात विडीची तंबाखू. पान वाळवून वखारीत जायचं. तिथं बायका तोंडाला फडकं गुंडाळून चाळायच्या, आणि वखारीच्या दारापाशी गेलं तरी मला शिंका. त्या बायका खोकायच्या. माझ्या लग्नातल्या पाटल्या त्या पैशातल्या. १९८१ साली शरद जोशींच्या मागं शेतकरी तंबाखूच्या दरासाठी निपाणीला हमरस्त्यावर बसले, गोळीबार झाला, माणसं गेली. आमच्या घरात त्याची आठवण दराची आणि माणसांची निघते. पान पुढं कुणाच्या छातीत जातं, हे मी तरी कुणाला विचारलेलं आठवत नाही.

त्या दिवशी उत्तम आर्जवाचा दिवस होता. मनात एक, बोलण्यात एक असं नको, हे सकाळीच ऐकून आलेले. म्हणून मी त्याला “ते वेगळं” असं म्हटलं नाही. जिभेवर आलं होतं. एवढंच म्हणाले, “निकोटीन बहुतेक त्याच पानातलं असतं. आपल्या घरातून गेलेलं फिरून आपल्याच घरात आलं, असं मला वाटतं.”

त्यानं माझ्या हातातून वस्तू घेतली नाही.

आता ती टाकायची कुठं? बंब माहेरी कधीच मोडीत गेला, आणि बॅटरी जाळात टाकायची नसते. कचऱ्याच्या बादलीतही नको. मोहरीच्या रिकाम्या डब्यात ठेवली आणि फळीवर चढवली. पट्टी तशीच आहे. अनंत चतुर्दशी होऊन तो गेला.

परवा फोनवर इकडचं तिकडचं झाल्यावर स्वतःच म्हणाला, “डब्यात आहे का अजून?”

“आहे.”

“देऊन टाक कुठल्या तरी बॅटरीवाल्याकडे.”

“दुसरी घेतलीस का?”

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. भाजी लागेल म्हणून मी गॅस बारीक केला.

“घेतली होती,” तो म्हणाला. मी खुर्ची ओढून बसले. “बोल,” म्हटलं.