बारावे चित्र

१९७९ साली अमरावतीस विदर्भ महाविद्यालयात शिकत असताना अकोल्याचा एक ख्रिस्ती विद्यार्थी माझ्या खोलीत राहत असे. नाताळाहून परतताना तो आम्हांसाठी डबाभर करंज्या आणी. रविवारी उपासना आटोपली, की गळ्यात आगफा क्लिक-३ अडकवून वडाळीच्या तलावाकडे निघे. एका रोलात चित्रे अवघी बारा! रोलासाठी तो रात्रीचे जेवण सोडी. एकेक चित्र आठवडाभर राखी. आम्ही त्यास कृपण म्हणत असू.

एकदा माझी आई शिदोरी घेऊन आली. “मावशी, कॅमेऱ्याला ऊन लागतं,” असे म्हणून त्याने तिला सूर्याकडे तोंड करून उभे केले आणि उरलेले बारावे चित्र तिचे घेतले.

पुढच्या पावसाळ्यात आई गेली. तिचे दुसरे छायाचित्र आमच्या घरी नाही. याच्यातही डोळे उन्हाने किलकिले झालेले आहेत.