इंग्लंडमधला स्टुडिओ, मुक्काम पोस्ट दुबई

‘महिन्याला फक्त एक टक्का!’ टाय लावलेला एक मुलगा मला हे तिसऱ्यांदा सांगत होता. पुण्यातलं पंचतारांकित हॉटेल, रविवारची सकाळ, दुबईच्या प्रॉपर्टीचं प्रदर्शन. मी गेले होते स्टोरी मिळते का ते बघायला आणि (खोटं कशाला बोला) फुकटच्या कॉफीसाठी. आजूबाजूला माझ्याच वयाची आयटीतली जोडपी होती. थर्माकोलच्या टॉवरच्या मॉडेलकडे ती अशी बघत होती जशी आपली आई साडीच्या दुकानातल्या शोकेसकडे बघते.

तेवढ्यात दुबईहून मावसभावाचा फोन. ‘अगं, मी घर घेतोय. आई डोंबिवलीचं विकायला तयार झालीये.’

कॉफी तिथंच ठेवली.

मावशीचं डोंबिवलीचं वन रूम किचन म्हणजे आमच्या अख्ख्या खानदानाचं वेटिंग रूम. मुंबईत नोकरी लागली की पहिले तीन महिने प्रत्येक जण तिथंच. ते विकून दुबईत स्टुडिओ? मला काही झेपेना. नोव्हेंबर 2025 मध्ये दुबईचं एक काम मिळालं, तेव्हा तीन दिवस जादा जोडून घेतले.

दादा अकरा वर्षं दुबईत आहे आणि अकरा वर्षं भाड्याच्या घरात. बर दुबईतल्या मीना बाजारजवळ त्याचं घर. खाली फरसाणचं दुकान, दहा मिनिटांवर खाडी, एक दिरहममध्ये पलीकडे नेणारी आब्रा. हवेशीर, गजबजलेलं, एकदम आपलं. पण असल्या जुन्या वस्तीत परदेशी माणसाला घर विकत मिळत नाही. त्यासाठी सरकारनं ठरवून दिलेले भाग आहेत. 2002 मध्ये परदेशी लोकांना मालकी हक्क देण्याची घोषणा झाली, 2006 मध्ये त्याचा कायदा आला आणि मरीना, पाम जुमेरा वगैरे नावं आपल्या पेपरांतल्या जाहिरातींत झळकायला लागली. दादाच्या बजेटमध्ये बसत होती ती इंटरनॅशनल सिटी.

मेट्रोनं सेंटरपॉइंट स्टेशन, तिथून बस. (मेट्रोची ब्लू लाइन इथं येणार आहे, पण 2029 मध्ये. एजंट मात्र ती उद्याच सुरू होणार असल्यासारखा बोलतो.) शहर मागे पडतं, वाळू दिसते आणि मग अचानक सगळं जग लागतं. चीन, रशिया, मोरोक्को, ग्रीस, पर्शिया, फ्रान्स… वसाहतींना देशांची नावं आणि त्या त्या देशाची आठवण करून देणारे मुखवटे लावलेल्या चार मजली इमारती. शेजारी ड्रॅगन मार्ट, चिनी वस्तूंचा लांबच लांब बाजार. दादाचा स्टुडिओ इंग्लंडात. आतून मात्र इंग्लंड-ग्रीस सगळं सारखंच, म्हणजे एक खोली, ओटा, बाथरूम आणि एक बाल्कनी, जिच्यात कपडे वाळत घालायचे किंवा आपण उभं राहायचं, दोन्ही एकदम नाही.

किंमत साडेचार लाख दिरहम. दिरहम तेव्हा साधारण 24 रुपयांना होता, म्हणजे एक कोटी आठ लाख. ठाण्याशी तुलना केली तर ‘वा!’ म्हणावंसं वाटतं. पण वरचा हिशेब बघा. दुबई लँड डिपार्टमेंटची फी 4 टक्के, म्हणजे 18 हजार दिरहम. एजंटचे 2 टक्के, 9 हजार आणि त्यावर 5 टक्के व्हॅट. झाले की साडेसहा लाख रुपये! शिवाय दर वर्षी स्क्वेअर फुटावर सर्व्हिस चार्ज, घर रिकामं असलं तरी.

दादाकडे साधारण तीन लाख दिरहम साठलेले होते. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण एजंटचा फंडा वेगळा. ‘सर, कॅश बायरला मालक लगेच हो म्हणेल.’ म्हणून मावशीचे 40 लाख. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत फॉर्म एफवर, म्हणजे खरेदीच्या करारावर, सही आणि सोबत 10 टक्क्यांचा चेक. 45 हजार दिरहम. सही करून मागे फिरलात तर तो गेला.

त्या रात्री जेवणं झाल्यावर वहिनीनं टेबल पुसलं आणि मी वही काढली. पत्रकारितेच्या डिग्रीचा घरी झालेला हा पहिलाच उपयोग. निघण्याआधी मी ओळखीच्या एका सीएचं डोकं खाऊन आले होते.

भारतात राहणारा माणूस वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवू शकतो, बँकेत पॅन आणि ए-टू फॉर्म देऊन. त्यामुळे मावशीला 40 लाख पाठवण्यात अडचण काहीच नाही. पण 10 लाखांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस घेते. 30 लाखांवर सहा लाख! रिटर्न भरल्यावर ते हिशेबात धरले जातात, परतही मिळतात, पण तोवर अडकलेले. आणि खरी मेख त्याच्याही आधी. एक घर विकून दुसरं घेतलं की नफ्यावरचा कर वाचतो, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. पण 2014 च्या अर्थसंकल्पापासून ती सवलत फक्त भारतात घेतलेल्या घराला मिळते. डोंबिवली विकून इंग्लंड क्लस्टर घेतलं, तर मावशीच्या हाती नुसता कर.

‘आणि आईचं नाव लावलं तर?’ दादानं विचारलं.

तर मावशीला दर वर्षी रिटर्नमध्ये परदेशातल्या मालमत्तेच्या रकान्यात तो स्टुडिओ दाखवावा लागेल. विसरली, तर 2015 च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो. बहात्तर वर्षांच्या, पेन्शनच्या पासबुकात तीन रबरबँड लावणाऱ्या मावशीला.

वहिनी इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘ते कराचं राहू दे. मला एक सांगा, यांची नोकरी गेली तर?’

दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा हवा तर प्रॉपर्टी 20 लाख दिरहमची लागते. दादाच्या साडेचार लाखांच्या स्टुडिओवर तेव्हा कसलाच व्हिसा मिळत नव्हता. घर त्याच्या नावावर असणार होतं, पण त्या घरात राहायची परवानगी कंपनीच्या लेटरहेडवर. 2009 मध्ये दुबईत किमती निम्म्याहून जास्त कोसळल्या, तेव्हा कितीतरी लोकांच्या नोकऱ्या आणि घरं एकाच वर्षात हातची गेली. वहिनीच्या काकांचे शेजारी त्यातलेच. ती ते नाव न घेता सांगत होती, तरी दादानं मान खाली घातली.

मावशीला फोन लावला. सगळं ऐकल्यावर तिनं एकच विचारलं, ‘रात्री जाऊन बघितलंत का? पाणी, पार्किंग आणि वास रात्रीच कळतात.’

गेलो! रात्री साडेदहाला टॅक्सी करून. सकाळी मोकळ्या असलेल्या गल्ल्यांत आता गाडीला गाडी चिकटलेली. पाणी ठीक. आणि बाल्कनीखाली उभे होतो तेवढ्यात वारा फिरला. जवळच अल अवीरचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, वासाची तक्रार इथं जुनीच. सकाळी अकराला एजंट बोलावतो, त्यामागचं कारण आता कळलं. खालच्या किराणावाल्या मल्याळी काकांना विचारलं. ते हसले. ‘रोज नाही येत. हिवाळ्यात खिडकी उघडावीशी वाटते ना, नेमका तेव्हा येतो.’

मला वाटलं, संपला विषय. दादा मात्र बराच वेळ त्या बाल्कनीकडे बघत उभा होता. मग म्हणाला, ‘अगं, मी डोंबिवलीत वाढलोय. एमआयडीसीचा वास खाऊनच मोठा झालो. अकरा वर्षांत एवढं भाडं भरलंय… निदान एक खोली तरी.’ त्याच्या आवाजात हट्ट नव्हता, आणि म्हणूनच मला पुढं बोलता येईना.

दुसऱ्या दिवशी त्यानं एजंटला दोन गोष्टी सांगितल्या. किमतीत 15 हजार दिरहम कमी, आणि कॅश नाही, उरलेलं कर्ज. एजंटचा चेहरा उतरला, मालक दोन दिवस फोन उचलेना आणि तिसऱ्या दिवशी, मी विमानतळावर असताना, हो म्हणाला.

जानेवारीत ट्रस्टी ऑफिसात व्यवहार झाला, दादाच्या नावाचं टायटल डीड निघालं. आता वहिनी डीआयएफसीत मृत्युपत्र नोंदवायच्या मागे लागली आहे. बिगर-मुस्लिमांसाठी ती सोय 2015 पासून आहे. स्टुडिओ त्यांनी भाड्यानं दिलाय, स्वतः अजून मीना बाजारातच राहतात. सहा महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे बाजूला साठेपर्यंत नवीन सोफा नाही, असा वहिनीचा हुकूम आहे.

डोंबिवलीचं घर जागेवर आहे. गेल्या महिन्यात मी गेले तर जिन्यात शेजारच्या काकूंनी थांबवलं. ‘काय गं, तुझ्या दादानं इंग्लंडमध्ये घर घेतलं म्हणे?’

मी दारात उभ्या असलेल्या मावशीकडे बघितलं. ती शांतपणे म्हणाली, ‘घेतलंय की. इंग्लंडमध्येच आहे.’