उलव्याची कवाडं, वहाळचं स्वयंपाकघर

नेरूळला गाडी बदलली आणि लोकल खाडीच्या पुलावर चढली, की माझी मान आपोआप डाव्या खिडकीकडे वळते. तिकडे माझं आजोळ होतं. लहानपणी डोंबिवलीहून उलव्याला जायचं म्हणजे एस. टी. बदलता बदलता दिवस मोडायचा. ११ नोव्हेंबर २०१८ ला खारकोपरपर्यंत रेल्वे आली, १२ जानेवारी २०२४ ला ती पुढे उरणला पोचली, आणि उलवे अगदी हाताशी आलं. पण तोवर आमचं उलवे गावच उरलं नव्हतं! विमानतळासाठी जी दहा गावं उठली, त्यांत तेही गेलं. डोंगर फोडून सपाट केला, नदीचा प्रवाह वळवला, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडू लागली. आता उलवे म्हटलं की लोकांना सिडकोची सेक्टरं आणि उंच इमारती आठवतात. मला आठवतं ते आजीचं धुरकट स्वयंपाकघर.

घर उतरवलं तेव्हा मामाने एक शहाणपण केलं. आजीच्या फडताळाची सागवानी कवाडं आणि पाटा-वरवंटा त्याने उचलून वहाळला मावशीच्या पडवीत आणून ठेवला. वहाळ त्याच पट्ट्यातलं, पण जागेवर राहिलेलं गाव. बामणडोंगरी स्टेशनात उतरायचं नि रिक्षा करायची. टॉवरांच्या मागच्या अंगाला मावशीचं कौलारू घर अजून उभं आहे, आणि यंदा होळीच्या आधीचे पंधरा दिवस मी पदर खोचून तिथे मुक्काम ठोकला होता. काम एकच: मावशीचं स्वयंपाकघर.

खरं तर हे काम दोन वर्षं रखडलं होतं. मावशीचे गुडघे गेले, चुलीपुढे बसवेना. वहिनीने बोळात गॅस मांडला आणि मावशीला आयतं ताट मिळू लागलं. बघणाऱ्याला वाटावं, किती सुख! पण मावशी दिवसेंदिवस जेवेनाशी झाली. ओट्याचा विषय काढला की म्हणायची, “ओटा कर, पन चूल नाय हलवायची.” एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, “आईची चूल मोडली तवा मी बगायला पन गेले नाय गं.” मग पुढे काय बोलणार?

शेवटी ठरलं असं, की चुलीला हात लावायचा नाही, आधी भिंतींकडे बघू. मावसभाऊ, वहिनी आणि मी, तिघांनी मिळून काम काढलं. गवंडी परवडत नव्हता असं नाही, पण परक्या माणसाने घाईघाईने सगळं फोडलं असतं, हे मावशीला सोसलं नसतं.

खाडीकाठच्या जुन्या घरांचा एक रोग असतो, लोणा. भिंतीतून ओल वर चढते, पाणी सुकतं आणि खार तेवढा पांढरा फुलून गिलावा पाडतो. आम्ही पूर्वी दोनदा त्यावर सिमेंट थापलं होतं. ओल आत कोंडली आणि लोणा हातभर वर चढला! या खेपेस ओलीच्या खुणेच्या वीतभर वरपर्यंत गिलावा खरवडला. मैत्रिणींनो, अशी भिंत धुऊ मात्र नका. पाण्याने खार पुन्हा आत जातो. कोरड्या ब्रशने झाडायची, पडलेला खार सुपलीत भरून घराबाहेर टाकायचा आणि भिंतीला चांगला वारा लागू द्यायचा. मग एक भाग विरवलेला चुना नि तीन भाग रेती कालवून नवा गिलावा केला. रेती खाडीची नको, नाहीतर आपल्याच हाताने मीठ पेरल्यासारखं होतं. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, पण हातांना सोलून काढतो. तेव्हा रबरी मोजे नि डोळ्यांवर चष्मा हवाच. गिलाव्यावर ओली गोणपाटं टांगून तो हळूहळू सुकू दिला.

वाशांवरची काजळी धुण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पुसली. वाळवी आहे का हे बघायला प्रत्येक वासा ठोकून पाहिला, पोकळ आवाज आला की समजावं. दोन कौलं काढून त्या जागी काचेची कौलं बसवली. सकाळचं ऊन जमिनीवर पडलं तेव्हा वहिनी म्हणाली, “अगं बाई, इथे एवढी जागा होती?” विजेच्या तारांना मात्र आम्ही हात लावला नाही. तिथे वायरमनच पाहिजे, आणि तुळईखालची भिंत फोडायची तर जाणकाराला विचारल्याशिवाय छिन्नी उचलू नये.

ओटा बांधताना सगळी एकाच उंचीचा बांधतात. इथे तर स्वयंपाकिणी दोन. वहिनी उभ्याने करणारी, मावशीला बसायला लागणार. म्हणून वहिनीला उभं करून तिच्या कोपराखाली चार बोटं मोजली, त्यातून शेगडीची उंची वजा केली आणि गॅसचा भाग तेवढा ठेवला. शेजारचा भाग मावशीला उंच स्टुलावर बसवून, पुढ्यात परात धरून मोजला. आमच्याकडची तांदळाची भाकरी, ती थापताना खांद्यातून जोर यायला हवा. कडप्पा कापून आणला, भावाने विटांचे पाय रचले आणि चौघांनी मिळून फरशी वर ठेवली. सिलिंडरच्या बाजूला जमिनीलगत जाळी ठेवली, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खालीच साठतो, वरच्या खिडकीतून जात नाही.

मग निघाली कवाडं. भिंतीतल्या कोनाड्याला लावून पाहिली तर दोन बोटं तोकडी! भावाने बाजूला सागाची पट्टी ठोकली. जुना रंग घासायला मी पॉलिशपेपर घेतला, तशी मावशीने माझा हात धरला. आतल्या बाजूला हळदीच्या बोटांचे पुसट डाग होते. हे आजीचे की मामीचे, कुणाला ठाऊक. तेवढी बाजू आम्ही घासली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर मावशी चुलीपाशी बसलेली. गुडघे दुखत असताना कशी बसली देव जाणे. विळ्याच्या मुठीने ती स्वतःच चूल फोडत होती. आम्ही धावलो तर म्हणाली, “आता ऱ्हाऊ दे. मीच काढतंय.” तिने ढेकळं घमेल्यात भरायला लावली. ती कुटून, भिजवून, त्यात नवी माती आणि तूस घालून मागच्या पडवीत नवी चूल घातली, वैलासकट. मोकळ्यावर, म्हणजे धूर घरात नाही. सणाला वडे तिथेच तळायचे, असं तिचं फर्मान निघालं.

नव्या ओट्यावरची पहिली भाकरी मावशीने थापली. पाटा-वरवंटा शेजारीच मांडला होता, त्यावर वहिनीने हिरवं वाटण वाटलं. वाऱ्यापावसात चुन्याचा गिलावा कसा टिकतो, ते पावसाळ्यात कळेलच. पण मावशी पंधरा दिवसांनी दोन भाकऱ्या जेवली, एवढं तरी मी डोळ्यांनी पाहिलं.

तिसरी भाकरी मात्र करपली. दोष ओट्याचा नव्हता. त्याच वेळी काचेच्या कौलांवरून विमानाची सावली गेली, आणि मावशी पोळपाट सोडून वर बघत बसली. “आपल्या घरावरनं उडालं असंल का गं?” तिने विचारलं. वहिनीने तवा खाली घेतला नि करपलेला पापुद्रा काढून ती भाकरी माझ्या ताटात वाढली.