शेजारचे आसन

सेवानिवृत्तीनंतर मी संगणकावरील आभासी उड्डाणासाठी ‘किरण’ विमानाची प्रतिकृती घडविली. बंगळूर येथे तयार झालेले हे लष्करी प्रशिक्षणाचे जेट विमान ४ सप्टेंबर १९६४ रोजी प्रथम आकाशात झेपावले. त्यात गुरू व शिष्य शेजारी-शेजारी बसत.

माझ्या विमानाचे पंख, चाके, रंग सारे हुबेहूब होते. परंतु धावपट्टी सोडताच ते नाक वर करी आणि कोसळे. मी खिन्न झालो. बारा वर्षांचा नातू आकडे न्याहाळून म्हणाला, “आजोबा, गुरुत्वमध्य शेपटीकडे गेला आहे!” रूप रेखताना मी तोल विसरलो होतो. गुरुत्वमध्य पुढे सरकविताच विमान डौलाने उडाले.

पस्तीस वर्षे मी शिकविले. त्या सायंकाळी मात्र शिष्याचे आसन माझे होते.