ग्लेझ, सीलंट आणि बाबांचं नख

गाडी चमकवण्याच्या धंद्यात जेवढे शब्द आहेत तेवढे आमच्या प्रोजेक्ट प्लॅनमध्येही नसतील. वॅक्स, पॉलिश, ग्लेझ, सीलंट, टेफ्लॉन, सिरॅमिक... दुकानदार हे सगळं एका दमात म्हणतो आणि आपण नंदीबैलासारखी मान डोलावतो. गंमत म्हणजे यातल्या प्रत्येकाचं काम वेगळं आहे, आणि ग्लेझ आणि सीलंट या दोघांचं तर जवळजवळ उलट. ग्लेझ लपवतं, सीलंट राखतं. गेले दोन वीकेंड मी याच फरकाशी झटापट करत होतो. म्हटलं, यावेळी त्यावरच लिहू.

निमित्त बाबांच्या गाडीचं. २०१२ ची गडद निळी स्विफ्ट. रिटायर झाल्यावर पीएफच्या पैशातून घेतलेली, त्यांच्या आयुष्यातली पहिली आणि एकमेव गाडी. गेल्या वर्षी त्यांना काचबिंदूचं निदान झालं. या आजारात बऱ्याचदा आधी कडेची नजर जाते, समोरचं व्यवस्थित दिसत राहतं, त्यामुळे माणसाला स्वतःला पत्ताच लागत नाही. डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद करायला सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत. चारेक महिने गाडी पार्किंगमध्ये धूळ खात उभी राहिली आणि मग एक दिवस जेवताना म्हणाले, "विकून टाकू. पण नव्यासारखी करून विकायची हं."

आता 'नव्यासारखी' म्हणजे काय, इथून माझा अभ्यास सुरू झाला.

हल्लीच्या गाड्यांवर पत्र्याला आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. आपण ज्याला चमक म्हणतो ती या क्लिअर कोटची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसापेक्षाही कमी. (जुन्या साध्या रंगाच्या बऱ्याच गाड्यांना क्लिअर कोट नसायचा. फडक्यावर पॉलिश घेऊन घासलं आणि फडक्याला गाडीचा रंग लागला, तर समजा तसली गाडी.) हा थर गुळगुळीत असेल तर प्रकाश आरशासारखा परत येतो. त्यावर बारीक ओरखडे असतील तर प्रकाश विखुरतो आणि गाडी मळकट, राखाडी दिसते.

घरातलं स्टीलचं ताट दिव्याखाली धरून बघा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल वर्तुळं दिसतात. खरं तर ओरखडे सगळ्या दिशांना असतात, पण त्या कोनात जे प्रकाश परत फेकतात तेवढेच डोळ्यात भरतात. गाडीवरचं जाळं अगदी तसंच, आणि ते पडतं पुसण्यातून. आमच्या सोसायटीत एक मुलगा रोज सकाळी एक बादली आणि एका फडक्यात वीसेक गाड्या पुसतो. धुळीत वाळूचे कण असतात. कोरड्या धुळीवर ओलं फडकं फिरवणं म्हणजे हलक्या हाताने पॉलिशपेपर मारणंच. त्याला तरी काय दोष द्यायचा? महिन्याला आपण देतो तेवढ्या पैशात तो प्रत्येक गाडीला स्वच्छ फडकं कुठून आणणार?

तर हे ओरखडे घालवायचे दोन मार्ग. एक म्हणजे पॉलिश. त्यात बारीक घर्षक कण असतात, ते ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट किंचित झिजवून सगळं सपाट करतात. हा खरा इलाज, पण मूळ भांडवलातून खर्च करणारा. ४० मायक्रॉन काही परत वाढत नाहीत.

दुसरा मार्ग ग्लेझ. ग्लेझमध्ये मुख्यतः तेलं आणि ओरखडे भरून काढणारे पदार्थ असतात. कागदाला भज्यांचं तेल लागलं की तो भाग पारदर्शक होतो ना, तोच प्रकार. धाग्यांमधल्या हवेची जागा तेल घेतं आणि प्रकाश विखुरायचा थांबतो. ग्लेझ ओरखड्यांत जाऊन बसतं, गाडी एकदम 'ओली' दिसायला लागते, रंग गडद होतो. पंधरा मिनिटांत जादू! आणि दोन-चार धुण्यांत जादू खल्लास. आमच्या भाषेत सांगायचं तर बग तसाच ठेवून एरर मेसेज दिसू न देणं.

ग्लेझ वाईट असतं असं मात्र नाही. नवीन रंग मारलेल्या गाडीवर बॉडीशॉपवाले सिलिकॉन नसलेलं ग्लेझ लावतात, कारण त्या रंगातलं सॉल्व्हंट अजून उडून जायचं असतं आणि सीलंटने तो लगेच बंद करून चालत नाही. गाड्यांच्या प्रदर्शनातही ग्लेझ चालतं. तिथे सगळा मामला एका दिवसाचा.

सीलंटचा स्वभाव वेगळा. ही कृत्रिम पॉलिमरं, बहुतेकदा सिलिकॉनच्या कुळातली. रंगाला घट्ट धरून बसतात, पाणी थेंब थेंब होऊन ओघळतं, ऊन, पक्ष्यांची शिट आणि टँकरच्या पाण्याचे डाग यांच्यापासून चार-सहा महिने बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरून येणारं कार्नौबा वॅक्स दिसायला देखणं, पण आपल्या उन्हात एक-दोन महिनेच टिकतं. सिरॅमिक कोटिंग वर्ष-दोन वर्षं जातं. मात्र त्याच्या जाहिरातीतलं '९ एच' म्हणजे पेन्सिलच्या शिशाच्या कसोटीवरचा आकडा, हिऱ्या-माणकांचा नव्हे. आजीच्या भाषेत सांगायचं तर पॉलिश म्हणजे चिंचेनं घासणं आणि सीलंट म्हणजे कल्हई. ग्लेझला मात्र आजीच्या स्वयंपाकघरात जागा नव्हती.

आणि एक महत्त्वाचं : ग्लेझच्या तेलकट थरावर सीलंट धड चिकटत नाही. म्हणजे दोन्हीपैकी एकच निवडावं लागतं. इथेच खरी मेख होती.

जुन्या गाड्यांचे व्यवहार करणारा एक ओळखीचा माणूस म्हणाला, "साहेब, कशाला एवढी मेहनत? गिऱ्हाईक यायच्या आदल्या संध्याकाळी ग्लेझ मारा. पंधरा-वीस हजार जास्तीचे सुटतील." हिशेब चोख होता. पण गाडी बघायला येणार होती माझ्या मित्राची भाची. पहिली नोकरी, पहिली गाडी. पहिल्या पावसात तिला हिशेब कळला असता.

बाबांना मी दोन्ही पर्याय सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "जे टिकेल ते लाव."

मग काय, शनिवारी पहाटेपासून बेसमेंटमध्ये. (उन्हात तापलेल्या पत्र्यावर यातलं काहीही लावू नका, वाळून डाग पडतात.) आधी भरपूर पाण्याचा फवारा, मग दोन बादल्या : एकीत शॅम्पू, दुसरीत फक्त हातमोजा खळबळायला साधं पाणी. मग हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून हात फिरवला. असं केलं की रंगात रुतून बसलेली घाण खडखडीत जाणवते. ती क्ले बारने काढली. मग मित्राकडून आणलेल्या मशीनने हलकं पॉलिश, एका वेळी दोन फूट बाय दोन फूट.

बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते. डाव्या बाजूला पोचलो तेव्हा मी त्यांना नखाची परीक्षा दाखवली. ओरखड्यावरून आडवं नख फिरवायचं. नख सुळकन गेलं तर पॉलिशने भागेल. अडकलं तर जखम खोल आहे, तिथे नवीन रंगाशिवाय इलाज नाही. बाबा उठले आणि डाव्या दारांवरून सावकाश नख फिरवत गेले. अडकलं. पुन्हा अडकलं. पाच ठिकाणी. हे सगळे ओरखडे सोसायटीच्या गेटचे, आणि दरवेळी घरात ऐकू यायचं ते एकच, "त्या वॉचमनला गेट पूर्ण उघडायला काय होतं?" यावेळी वॉचमनचं नाव निघालं नाही. ते परत खुर्चीवर जाऊन बसले.

रविवारी पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने गाडी पुसून पॉलिशचं तेल काढलं आणि सीलंट लावलं. अगदी पातळ थर, जास्त लावून काही फायदा नसतो. नंतर रात्रभर गाडीला पाणी लागू दिलं नाही. (हाच अल्कोहोलचा प्रयोग जुनी गाडी घेताना मालकाला विचारून एका कोपऱ्यात करून बघा. पुसून झाल्यावर टॉर्चखाली जाळं उगवलं, तर आदल्या संध्याकाळी काय झालं असेल ते ओळखा.)

मित्राची भाची आली. बॉनेटमध्ये पार्किंगच्या ट्यूबलाइटची सरळ रेघ दिसत होती, ती खूश झाली. मी गाडीबद्दल सांगायला सुरुवात करणार, तेवढ्यात बाबा तिला डाव्या बाजूला घेऊन गेले.

"हे पाच ओरखडे बघ, बाळ. हे जाणार नाहीत. मला डावीकडचं दिसत नव्हतं, त्यामुळे झालेत."

निदान झाल्यापासून हे वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आई दारातून नुसती बघत राहिली.

सौदा आम्ही ठरवलेल्या आकड्यापेक्षा बारा हजार कमीत झाला. बाबांनी तिला सगळ्या सर्व्हिसिंगची बिलं लावलेली फाइल दिली. त्यात शेवटच्या पानावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात एक नवी ओळ होती : 'सीलंट लावले. पाच महिन्यांनी पुन्हा लावणे. फडके रोज धुणे.'