उंची सगळ्यात शेवटी

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याने १ डिसेंबर २०२१ पासून एका फॅशनवर कायद्याने बंदी घातली. पिकअपचं नाक आभाळाकडे आणि शेपूट जमिनीला, अशी ती फॅशन. नाव ‘कॅरोलायना स्क्वॉट’. पुढच्या चाकावरचा मडगार्ड मागच्यापेक्षा ४ इंच किंवा त्याहून जास्त उंच गेला, तर अशी गाडी तिथल्या सार्वजनिक रस्त्यावर चालत नाही. बॉनेटपलीकडचं माणूस दिसत नाही, रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत घुसतात, ही उघड कारणं. सस्पेन्शनच्या धंद्यातल्या माणसाची नजर मात्र अशा गाडीच्या पुढच्या चाकामागे जाते. तिथल्या स्ट्रटचे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकच्या जोडीचे, हाल त्याला बघवत नाहीत.

स्क्वॉट हा अतिरेक झाला. त्याचा सौम्य अवतार अमेरिकेत गल्लोगल्ली दिसतो. कारखान्यातून येणारी नवी पिकअप मुद्दामच मागून थोडी उंच असते, कारण हौद्यात माल भरला की ती खाली बसून सपाट व्हावी. पण बहुतेक हौदे वर्षभर रिकामेच हिंडतात. मग मालकाला तो उतार डोळ्यांत खुपतो आणि तो पुढची बाजू दोन-अडीच इंच उचलायला निघतो. गॅरेजमध्ये त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती इंच मिळतील?’

हा प्रश्न शेवटचा असायला हवा. त्याआधी विचारायचं ते गाडीचं वजन.

थोडी रचना समजून घ्यायला हवी. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मोटारींत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याची ही रचना १९५० च्या सुमाराला ब्रिटिश फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांमुळे नावारूपाला आली. तिच्यात स्ट्रट हाच चाकाला धरणारा खांब असतो आणि स्टिअरिंग वळवलं की तो चाकाबरोबर फिरतो. होंडा रिजलाइन किंवा फोर्ड मॅव्हरिकसारख्या, मोटारीच्या सांगाड्यावर बेतलेल्या पिकअपमध्येही पुढे तोच आहे. पण चासीवर बांधलेल्या पिकअपची गोष्ट वेगळी. १९९५ ची टोयोटा टॅकोमा, २००४ ची फोर्ड एफ-१५० किंवा आताची टोयोटा हायलक्स घेतली, तर चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मनी धरलेलं दिसतं. स्ट्रटचं वरचं टोक चासीला आणि खालचं टोक खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर असतं. त्याआधीच्या कितीतरी पिकअपमध्ये पुढे टॉर्शन बार असायचे; बोल्ट पिळला की गाडी वर. आता स्प्रिंग आणि तिच्या पोटात शॉक अशी जोडी आली आणि निवड अवघड झाली.

स्ट्रट आर्मच्या मध्यावर टेकलेला असल्यामुळे चाक जेवढं हलतं त्याच्या साधारण निम्मंच तो हलतो. धंद्याची अर्धी खुबी इथेच आहे. समजा, हे प्रमाण ०.५५ आहे. मग स्ट्रटच्या डोक्यावर २५ मिलिमीटर जाडीची चकती बसवली तर गाडी सुमारे ४५ मिलिमीटर वर येते. एक इंचाच्या धातूच्या तुकड्यात जवळजवळ दोन इंच! म्हणून चकती स्वस्त आणि म्हणूनच ती खपते. पण शॉक तेवढाच लांब राहिला आणि अख्खाच्या अख्खा खाली सरकला. खड्ड्यात चाक वर दाबलं गेलं की चासीचा रबरी ठोकळा मार झेलायच्या आधीच शॉक आतून तळाला टेकू शकतो. चाक खाली लटकलं की ते आधीपेक्षा जास्त खाली जातं आणि सगळा ताण बॉल जॉइंटवर, ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवर आणि त्याच्या रबरी बुटावर येतो. फाटलेला बूट आणि रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं काळं ग्रीस दिसलं, की पुढचं सांगावं लागत नाही.

दुसरी वाट म्हणजे शॉकच्या अंगावरची स्प्रिंगची बैठक वर घ्यायची. बिल्स्टीनचा ५१०० हा शॉक त्यासाठीच प्रसिद्ध आहे. त्याच्या नळीवर खाचा असतात, हव्या त्या खाचेत कडी बसवायची, तिच्यावर बैठक आणि बैठकीवर गाडीचीच मूळ स्प्रिंग. इथे एक गैरसमज हटत नाही. बैठक वर घेतली की स्प्रिंग ‘कडक होते’ असं भलेभले मेकॅनिक सांगतात. ती होत नाही. साध्या सरळ स्प्रिंगला एक मिलिमीटर दाबायला आधी जेवढं बळ लागत होतं तेवढंच नंतरही लागतं. बदलते ती गाडी जिथे स्थिरावते ती जागा. चाकाची एकूण चाल समजा २०० मिलिमीटर आहे आणि मूळ गाडी ११० वर, ९० खाली अशी उभी आहे. बैठक उचलून गाडी ५० मिलिमीटर वर नेली की खालच्या बाजूला उरतात ४०. स्पीडब्रेकर ओलांडताना चाक खाली पडतं, शॉक पूर्ण ताणला जातो आणि ‘ठक्’ असा आवाज येतो. मालक बुश बदलतो, लिंक बदलतो, आवाज काही जात नाही. सगळ्यात वरच्या खाचेतली कडी बहुधा कुणी बघत नाही.

आता वजन. समोर लोखंडी बंपर आणि त्यात विंच, म्हणजे सहज शंभर किलो. ते चाकाच्या पुढे लटकलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक पुढच्या चाकावर पन्नासऐवजी साठेक किलो येतं असं धरू. स्प्रिंगचा ताठपणा मिलिमीटरला १० किलो असला, तरी आर्मच्या त्या प्रमाणामुळे चाकापाशी तो जेमतेम ३ किलो उरतो, कारण तिथे ०.५५ चा वर्ग लागतो. साठ भागिले तीन, म्हणजे गाडी वीस मिलिमीटर खाली बसली. दोन इंचांची लिफ्ट घेतली आणि त्यातली पाऊण इंच बंपरने खाल्ली! ती भरून काढायला बैठक आणखी वर चढवायची हा चुकीचा उपाय. बरोबर उपाय म्हणजे जास्त ताठ स्प्रिंग. ऑस्ट्रेलियातली एआरबी कंपनी ‘ओल्ड मॅन इमू’ या नावाने जे सस्पेन्शन विकते, त्यात एकाच गाडीसाठी वेगवेगळ्या वजनांच्या स्प्रिंगा मिळतात. नुसती गाडी, बंपर लावलेली, बंपर आणि विंच दोन्ही असलेली, अशी ती वर्गवारी असते. ज्या देशात लोक महिना महिना वाळवंटात तंबू टाकून राहतात, तिथे असा हिशेब आपसूक येतो.

ताठ स्प्रिंग घातली की शॉकही त्याच तोडीचा लागतो, कारण दबलेली स्प्रिंग उसळते तेव्हा तिला आवरायचं काम त्याचं. मूळ शॉक ताठ स्प्रिंगखाली घातला की गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा डोलते.

शॉकमध्ये दोन घराणी. दोन नळ्यांचा शॉक स्वस्त, बसायला मऊ, आणि बाहेरच्या नळीला दगड लागून पोचा पडला तरी बहुधा चालत राहतो. एका नळीचा शॉक फ्रेंच अभियंता क्रिस्टियान ब्युर्सिए द कार्बोन यांनी १९५० च्या दशकात पुढे आणला. त्यात दाबाखालचा नायट्रोजन तेलापासून तरंगत्या पिस्टनने वेगळा ठेवलेला असतो, त्यामुळे तेलाला फेस येत नाही आणि उष्णता थेट नळीतून बाहेर जाते. ऑस्ट्रेलियातल्या गिब रिव्हर रोडवर पत्र्याच्या पन्हाळीसारख्या आडव्या लाटा असतात. तशा रस्त्यावर शॉक तासन् तास क्षणाचीही उसंत न घेता हलत असतो आणि हात लावता येणार नाही इतका तापतो. दोन नळ्यांच्या शॉकचं काम तिथे ढिलं पडायला लागतं. तेल जितकं जास्त आणि पिस्टन जितका मोठा तितकी उष्णता पचते. ५१०० चा पिस्टन ४६ मिलिमीटरचा, तर त्याच कंपनीच्या ६११२ चा ६० मिलिमीटरचा आहे, आणि ६११२ स्वतःची स्प्रिंग घेऊनच येतो. रोज ऑफिसला आणि शनिवारी कच्च्या वाटेवर जाणाऱ्याला पहिला पुरतो. फॉक्स, किंग या कंपन्यांचे वेगळ्या टाकीचे, खोलून पुन्हा बांधता येणारे शॉक शर्यतीच्या जगातून आलेत. त्यांच्या टोकांना रबराऐवजी धातूचे गोल बेअरिंग असतात. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या ओहायोसारख्या राज्यात ते कुरकुरायला लागतात, मग सील बदला, बेअरिंग बदला. रोजच्या गाडीला माझ्या मते ते नकोत, दिसायला कितीही देखणे असोत.

दोन-अडीच इंचांपलीकडे गेलं की मामला नुसत्या स्ट्रटचा राहत नाही. खालचा आर्म तिरका झाला की कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागचा कल, कमी होतो. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो म्हणून हात सोडला तरी ती सरळ जाते. तोच कल पिकअपने गमावला की हायवेवर ती भरकटते आणि वळणानंतर स्टिअरिंग परत यायला कंटाळतं. अलाइनमेंटवाल्याच्या हातात मूळ बोल्टांवर जेवढी जागा असते तेवढी संपते. मग वेगळ्या कोनाचे वरचे आर्म घ्यावे लागतात आणि स्वस्तात पडणारी लिफ्ट महागात जाते.

महाराष्ट्रात २०१६ पासून इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ पासून हायलक्स दिसू लागल्या आणि लिफ्ट किटची चौकशी वाढली. पण आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार त्यात बसत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू उचलून धरली. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने बुलबार, म्हणजे समोरचे जादा लोखंडी गार्ड, हेही काढायला सांगितले, म्हणजे शंभर किलोच्या त्या हिशेबाचा मोठा वाटा इथे आपोआप गळतो. इथल्या मालकाचा प्रश्न बहुतेकदा मूळ उंचीवरच चांगला शॉक घालण्याचा उरतो.

बसवताना मात्र, देश कुठलाही असो, एक गोष्ट हमखास राहून जाते. खालच्या आर्मच्या बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असतानाच आवळतात. बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. लटकत्या अवस्थेत ते आवळलं की गाडी जमिनीवर आल्यावर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकरच फाटतं. बोल्ट आधी नुसते हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, बंपर दाबून दोन-तीनदा हलवायची, आणि मगच टॉर्क रेंच लावायचा. त्यानंतर अलाइनमेंट, आणि त्याच दिवशी हेडलाइट खाली करून घ्यायचे.