चौकटीबाहेर काय ठेवायचं

व्हिडिओचं संकलन शिकवताना लय, सांधे, आवाजाची पातळी हे सगळं शिकवलं जातं. पडद्यावर बाई असेल तर त्यावर आणखी एक हात फिरवावा लागतो. खिडकीतून सोसायटीची पाटी दिसते का, मुलाच्या गणवेशावर शाळेचं नाव आहे का, वाकतानाच्या क्षणाचा कुणी स्क्रीनशॉट काढेल का, हे पाहावं लागतं. या कामाचा तास बिलात कुणी लावत नाही. बाई-पुरुषांमधली विषमता कॉमेंटमध्ये दिसते खरी, पण व्हिडिओ अपलोड होण्याआधी, कापाकापीतच तिने आपलं काम उरकलेलं असतं.

शिव्या पुरुषांनाही पडतात, असं म्हटलं जातं. पडतातच. पण इनोका अमरसेकरा आणि विल ग्रांट या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी यूट्यूबवरच्या विज्ञान-व्हिडिओंखालच्या २३,००५ कॉमेंट तपासल्या. २०१८ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात, निवेदक बाई असेल तिथे दर व्ह्यूमागे कॉमेंट जास्त आढळल्या; रूपावरच्या, लैंगिक आणि वैरभावाच्या शेऱ्यांचं प्रमाणही बरंच जास्त होतं. 'द ब्रेन स्कूप' या विज्ञानाच्या यूट्यूब चॅनेलच्या एमिली ग्रासली यांनी २०१३ मध्येच एका व्हिडिओत हे उघड मांडलं होतं. विषय विज्ञानाचा असला तरी शेरे दिसण्यावर, हीच त्यांची तक्रार होती.

दुसरा आक्षेप जास्त चलाख आहे: अल्गोरिदमला बाई-पुरुष कळत नाही, लोक किती वेळ पाहतात एवढंच कळतं. अडचण नेमकी इथेच आहे. आशय कंटाळवाणा म्हणून निघून गेलेला प्रेक्षक आणि 'बाईचा आवाज कर्कश' म्हणून निघून गेलेला प्रेक्षक, रिटेन्शनच्या (प्रेक्षक किती वेळ टिकले त्याच्या) आलेखात दोघांचीही उतरण सारखीच दिसते. शिफारशी त्या उतरणीवरूनही ठरतात. मग कारण न कळलेली निर्माती (आणि तिचा संकलकही) नको ते दुरुस्त करत बसते. चांगलं स्पष्टीकरण कापते, आवाज खाली आणते. पूर्वग्रह प्रेक्षकाचा असला तरी शिक्का 'कमकुवत व्हिडिओ' असा बसतो.

मग कॉमेंट बंद का करत नाही? कारण पाककृतीच्या चॅनेलवर 'वाटी केवढी घ्यायची?' हा प्रश्न तिथेच येतो आणि पुढच्या व्हिडिओचा विषयही तिथूनच मिळतो. शिव्या अडवायला नको असलेल्या शब्दांची यादी यूट्यूब भरू देतं. पण मराठी शिवी रोमन लिपीत दहा तऱ्हांनी लिहिली जाते, आणि ती प्रत्येक तऱ्हा आधी वाचून मग यादीत घालायचं काम जिला शिवी दिली तिच्याकडेच येतं.